गावातलं तरुण मंडळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका वाडीत मी अकरा वर्षं तरुण मंडळाचा खजिनदार होतो. आता ते काम धाकट्या पोरांकडे आहे. पण आसपासच्या गावांतली मुलं-मुली अजून विचारायला येतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं हिशेबाकडे जरा जास्त झुकलेली वाटतील. ते मुद्दाम आहे. माझ्या डोळ्यांदेखत जी मंडळं मोडली, त्यातली बहुतेक हिशेबावरून मोडली.

तरुण मंडळ म्हणजे गणेश मंडळच ना?

सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. दहा दिवस पोरं एकत्र जागतात, वर्गणी गोळा करतात, मांडव घालतात. त्यातूनच कोणीतरी म्हणतं, विसर्जनानंतर आपण पुन्हा वर्षभराने का भेटायचं? तरुण मंडळ वर्षभर चालतं, एवढाच फरक. उत्सव करू नका असं मी कधीच सांगत नाही. आमच्या मंडळाची पहिली सतरंजी आणि पहिला स्पीकर गणपतीच्या वर्गणीतूनच आला.

किती जण लागतात? वयाची अट आहे का?

संस्था म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सभासद लागतात. केंद्राच्या २०१४ च्या युवा धोरणात १५ ते २९ हा वयोगट धरलेला आहे, त्यामुळे सरकारी कार्यक्रमात भाग घेताना तो पाहावा लागतो. कागदावरची कार्यकारिणी मात्र १८ पूर्ण झालेल्यांचीच करा. शाळकरी मुलांना कामात घ्या, सहीत घेऊ नका.

नोंदणी केलीच पाहिजे का?

पहिल्या दिवशी नाही. निदान वर्षभर नुसतं काम करा. कोण टिकतं ते कळतं. नोंदणी आधी झाली की अध्यक्ष कोण यावरच पहिले तीन महिने जातात.

पण वर्षानंतर करा. नोंदणीशिवाय मंडळाच्या नावाने पॅन काढायला आणि बँकेत खातं उघडायला अडचण येते, आणि मग पैसा कुणाच्या तरी घरच्या खात्यात जातो. भांडणाचं बी तिथेच पडतं, माणूस कितीही सरळ असला तरी.

नोंदणी कुठे आणि कशी?

जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय कार्यालयात. महाराष्ट्रात मंडळाची नोंद दोन कायद्यांखाली होते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. कागद म्हणजे मंडळाची घटना, नियमावली, कार्यकारिणीची यादी, ओळखपत्रं आणि कार्यालयाच्या जागेसाठी घरमालकाचं संमतीपत्र.

घटना तयार मिळते म्हणून दुसऱ्या मंडळाची उतरवून काढू नका. बसून वाचा, त्यावर वाद घाला. अध्यक्ष किती वर्षांनी बदलायचा, खर्चाला किती सह्या लागतील, सभासद गाव सोडून गेला तर काय, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या घटनेत एकच माणूस लागोपाठ दोनदा खजिनदार होऊ शकतो, तिसऱ्यांदा एका मुदतीची सुट्टी घ्यावी लागते. माझी अकरा वर्षं अशी तुकड्या-तुकड्यांनी झाली.

आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा. हे बहुतेक मंडळं विसरतात. दहा वर्षांनी कागद पाहावेत, तर अध्यक्ष म्हणून नाव असलेला माणूस पुण्यात स्थायिक झालेला असतो.

पैसा कुठून आणायचा?

सभासदांची महिन्याची वर्गणी सगळ्यात आधी. रक्कम थोडी ठेवा, पण चुकवू देऊ नका. शेतमजुराचा मुलगा आणि बागायतदाराचा मुलगा दोघेही तीच रक्कम भरतात, तेव्हा बैठकीत दोघांचा आवाज सारखा उठतो.

मग यात्रेची आणि गणपतीची वर्गणी. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला लोकांकडून वर्गणी काढायला १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती ऑनलाइन मिळते, आणि उत्सव झाल्यावर हिशेब सादर करावा लागतो.

तिसरा आधार गावाबाहेर गेलेल्या माणसांचा. आमच्या भागातली माणसं मुंबईत माथाडी म्हणून गेली, आणि माण-खटाव-आटपाडी-खानापूर पट्ट्यातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्याने देशभर पसरले. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात आपल्याकडची हाक ऐकू येते. यात्रेला ही मंडळी गावात येतात, हात सैल असतो. पण ती विचारतात, गेल्या वर्षी दिलेल्या पैशाचं काय केलं? त्याचं उत्तर कागदावर तयार पाहिजे.

मग हिशेब ठेवायचा कसा?

आमची पद्धत सांगतो. ती आम्ही ठेच लागल्यावर शिकलो.

आमच्या आधीच्या पिढीचं मंडळ एका यात्रेनंतर फुटलं. कुस्त्यांच्या आखाड्याचा खर्च किती झाला हे कुणालाच नक्की सांगता येईना. पैसे खाल्ले असं मला आजही वाटत नाही. चिठ्ठ्या हरवल्या होत्या, इतकंच. पण दोन भावकी त्यावरून सहा वर्षं एकमेकांच्या मांडवात गेल्या नाहीत.

आम्ही मंडळ काढलं तेव्हा मारुतीच्या देवळाशेजारच्या भिंतीवर चार फूट बाय तीन फूट प्लॅस्टर करून घेतलं, काळा रंग दिला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. दर अमावस्येला नवा हिशेब. त्या दिवशी देवळात गर्दी असते म्हणून ती तिथी धरली. फळ्यावर देणाऱ्याचं नाव आणि रक्कम दोन्ही लिहायची. दहा रुपयेही लिहायचे. पहिल्या महिन्यात खर्चाच्या बाजूला ‘चहा – ४० रु.’ असं लिहिलं, तर एक आजोबा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, कुणी पिला? आम्ही चौघांची नावं खाली लिहिली. पुढच्या महिन्यापासून चहा ज्याचा त्याने घरून पिऊन यायचा असं ठरलं. ते आजोबा पुढे दर अमावस्येला फळा वाचायचे, आणि त्यांनी वाचला की बाकी गावाची खात्री पटायची.

पावती पुस्तकं क्रमांक छापलेलीच घ्या. कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं त्याची नोंद वहीत, सहीसकट. अर्धवट उरलेलं पुस्तक आणि पैसे एकाच दिवशी परत. बँकेतून पैसे काढायला तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि ते दोघं एका घरातले नकोत. वर्ष संपलं की लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यायचा. मोबाइलवर गट आहे, तिथेही फळ्याचा फोटो टाकतो. पण फळा पुसलेला नाही, कारण मोबाइल ज्यांच्याकडे नाही त्यांचीही वर्गणी असते.

पहिलं काम कोणतं घ्यावं?

रविवारी सकाळी सुरू होऊन दुपारी संपेल असं. शाळेच्या मैदानातले दगड वेचणं, आडाभोवतीचा चिखल काढून मुरूम टाकणं, स्मशानभूमीची वाट साफ करणं. आम्ही स्मशानभूमीची वाट घेतली. पावसाळ्यात तिथून तिरडी नेताना माणसं घसरायची. ते काम संपलं आणि पुढच्याच आठवड्यात गावात एक मयत झाली. कुणी काही बोललं नाही, पण दहाव्याला त्या घरातल्या दादांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि मंडळासाठी स्वतःच्या गोठ्यालगतची खोली दिली. आजही कार्यालय तिथेच आहे.

पाण्यासाठी श्रमदान करायचंय. नेमकं काय खणायचं?

डोंगरउतारावर सलग समतल चर हे नवख्या हातांना जमणारं काम. त्यात ‘समतल’ हा शब्द महत्त्वाचा. चर उताराला आडवा आणि एका पातळीत नसेल, तर पाणी चरातून वाहत एका टोकाला जातं आणि तिथे घळ पाडतं.

पातळी बघायला यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी पट्टी मारा, इंग्रजी ‘ए’सारखा आकार होतो. वरून दोरीला दगड बांधून सोडा. सपाट जागी पट्टीवर मधोमध खूण करून घ्या. डोंगरावर एक पाय रोवायचा, दुसरा मागे-पुढे करत राहायचं. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याची फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. आमच्याकडे सातवीतली पोरं हे काम मोठ्यांपेक्षा चटकन करतात.

६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराची दहा मीटर लांबी खणली, की एका भरण्यात १,८०० लिटर पाणी थांबतं. हा हिशेब श्रमदानाच्या ठिकाणी ओरडून सांगा. टिकाव मारणाऱ्याला आपण किती घागरी साठवल्या हे कळलं की हात चालतो. माती नेहमी उताराच्या खालच्या अंगाला टाका, चराच्या काठापासून थोडी जागा सोडून, आणि पावसाच्या तोंडावर त्या भरावावर गवताचं बी पेरा. वर टाकलेली माती पहिल्याच वळवात चरात परत येते. आमचा पहिला वर्षभराचा घाम असाच बुजला.

जागा गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी. खासगी बांधावर मालकाला विचारल्याशिवाय फावडं लावू नका.

तरुणांच्या जोरावर खरंच गाव बदललंय का कुठे?

बदललंय, आणि आपल्या राज्यातच. बघून या, एसटीने जाता येतं.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून परतले. आधी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. त्या मंदिराभोवती जमलेल्या तरुणांचं मंडळ उभं राहिलं, आणि दारूबंदीपासून पाणलोटापर्यंतच्या कामात ती पोरं पुढे होती. नंतर या अनुभवावर राज्यात आदर्श गाव योजना आली.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथली सुरुवात अगदी आपल्यासारखी आहे. दुष्काळ, दारू, मुंबई-पुण्याला जाणारे लोंढे. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी ठरवलं की सरपंच शिकलेला आणि आपल्यातला हवा. त्यांनी पोपटराव पवारांना गळ घातली. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा मुलगा. घरच्यांना तो नोकरीत किंवा खेळात पुढे जावा असं वाटत होतं. ते बिनविरोध निवडून आले. पुढे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. पाणी आल्यावरही उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला गावाने नाही म्हटलं. माझ्या मते हिवरे बाजारची सगळ्यात मोठी कमाई हीच. पाणी नसताना एकजूट होते, पण विहिरीला पाणी दिसल्यावर ऊस न लावणं फार अवघड. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या जिल्ह्यातलं कोरेगाव तालुक्यातलं वेळू. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा राज्यात फक्त तीन तालुके होते: वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा, आणि २०१८ मध्ये आमच्या माणमधलं टाकेवाडी. टाकेवाडीचा निकाल लागला त्या रात्री आमच्या वाडीतही हलगी वाजली. आम्ही कुठल्याच यादीत नव्हतो, पण शेजारच्या माळावर पाणी थांबलं याचा आनंद होता.

पाण्याच्या पलीकडचंही सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मुलं अभ्यासाला बसतात, घरची माणसं एकमेकांशी बोलतात. याला निधी लागत नाही. आमच्या मंडळानेही ते करून पाहिलं, चार महिने चाललं आणि ढिलं पडलं. परीक्षेच्या दिवसांपुरतं मात्र अजून पाळतात.

पोलीस भरतीची तयारी मंडळात करून घेता येते?

हे काम घ्याच. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या अकादमीची फी झेपत नाही. शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा मुलांसाठी ७.२६० किलोचा, मुलींसाठी ४ किलोचा. दोन्ही गोळे आणि एक चांगलं स्टॉपवॉच मंडळाने विकत घेतलं की निम्मं काम झालं. माळावर फक्कीने ४०० मीटरची धावपट्टी आखा, अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. आमची पोरं सहा महिने ज्याला १,६०० म्हणत होती ते प्रत्यक्षात १,४८० निघालं.

पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला सोडू नका. उसाचे ट्रॅक्टर दिवे न लावता येतात. दुसरा मार्गच नसेल तर अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला आणि समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून धावा.

मुली येतील का?

त्यांना ‘या’ म्हणून भागत नाही. बैठक रात्री नऊला पारावर ठेवली तर एकही मुलगी येणार नाही. आम्ही रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात ठेवायला लागलो. पहिल्या दोन बैठकांना मुलींच्या आयाही आल्या, मागे बसल्या, आणि त्यांनीच पिण्याच्या पाण्याचा प्रश्न काढला. आम्ही तोवर व्हॉलीबॉलच्या जाळीवर बोलत होतो.

पहाटेच्या सरावाला पहिल्या वर्षी तीन मुली आल्या. त्यातल्या एकीच्या वडिलांना आम्ही वेळ नोंदवायचं काम दिलं. स्टॉपवॉच गळ्यात घालून ते रोज यायचे. त्यांच्या मुलीची निवड झाली तेव्हा ते फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, माझंही नाव सभासदात घ्या. वय बसत नव्हतं. सल्लागार म्हणून घेतलं.

वाचनालय की अभ्यासिका?

खेड्यात आधी अभ्यासिका. घरात एक खोली, चार माणसं आणि टीव्ही. मुलांना शांत जागा, दिवा आणि पंखा हवा असतो. पुस्तकं हळूहळू येतात. सार्वजनिक वाचनालय म्हणून सरकारी मान्यता हवी असेल तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ‘ड’ वर्गापासून सुरुवात होते. कल्पना हवी असेल तर महाबळेश्वरजवळचं भिलार बघा. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं, आणि तिथे पुस्तकं लोकांच्या घरांत, ओट्यांवर ठेवलेली आहेत.

रक्तदान शिबिर?

वर्षातून दोनदा पुरे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. दोन वेळांत पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिन्यांचं अंतर. भेटवस्तूच्या आमिषाने गर्दी जमवू नका, माणसं आजार लपवतात.

डीजे लावायचा की नाही, यावरच मंडळ फुटायला आलंय.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांनाच आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तेवढीच. आम्ही वाद घातला नाही. फळ्यावर दोन आकडे लिहिले: डीजेची सुपारी, आणि लेझीम-ढोल विकत घेतले तर होणारा खर्च. दुसरा आकडा कमी होता, आणि ढोल पुढच्या वर्षीही राहणार होते. ज्यांना डीजे हवा होता त्यांनाच लेझीम बसवायला दिलं.

सरपंच ऐकत नाहीत. ग्रामपंचायतीकडून काम कसं करून घ्यायचं?

ग्रामसभेत जाऊन. गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात, आणि त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेला आकडा लागतो. मंडळाचे वीस-पंचवीस जण शेजारीपाजारी घेऊन गेले तर गणपूर्ती तुमच्यामुळेच होते. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि ठराव इतिवृत्तात उतरल्याचं डोळ्यांनी पाहा. आवाज चढवू नका. बहुतेक सरपंच आपल्याच भावकीतले असतात, उद्या बांधावर भेटायचे असतात.

निवडणुकीत मंडळाने कुणाच्या बाजूने उभं राहावं?

मंडळाने कुणाच्याच नाही. सभासदाने ज्याच्या मागे जायचं त्याच्या जावं, स्वतः उभं राहिलं तरी चालेल. पण उमेदवारी भरली की त्याच दिवशी पदाचा राजीनामा, आणि मंडळाच्या खोलीत प्रचाराचं एकही पत्रक नाही. हे आम्ही घटनेतच लिहून घेतलं.

पोरं पुण्या-मुंबईला गेली. गावात कोण उरलं?

जी उरली त्यांच्याकडून रोजची कामं, जी गेली त्यांच्याकडून सुट्टीतली. दिवाळी, यात्रा आणि मे महिना या तीन वेळा नक्की धरा. आमचं चरांचं काम मे महिन्यात होतं, कारण तेव्हा चाकणच्या कारखान्यातली पोरंही चार दिवस येतात. आल्यावर त्यांना पाहुण्यासारखं बसवू नका, घमेलं हातात द्या.

सरकारचं साहाय्य किंवा पुरस्कार मिळतो का?

नेहरू युवा केंद्रं १९७२ पासून खेड्यांतल्या मंडळांना जोडून घेत आली आहेत. ३१ ऑक्टोबर २०२३ ला केंद्राने ‘माय भारत’ ही तरुणांसाठीची संस्था सुरू केली, आता नोंद तिथे करायची. राज्याच्या क्रीडा विभागाचा जिल्हा युवा पुरस्कार युवक, युवती आणि संस्था अशा तिन्ही गटांत असतो. अर्जाला कामाचे पुरावे लागतात, म्हणून प्रत्येक कामाचा तारखेसह फोटो आणि हजेरीचा कागद जपून ठेवा. पुरस्काराचा विचार करून काम निवडू नका, एवढंच मनापासून सांगतो.

गावात जुनं मंडळ नोंदलेलं आहे, पण वीस वर्षं बंद. नवं काढावं की तेच उठवावं?

जमलं तर तेच उठवा. नोंदणी क्रमांक जुना असतो, नावावर एखादी जागा, लेझमीचा संच किंवा बँकेतली शिल्लक असते. त्रास होतो. मधल्या सगळ्या वर्षांचे बदल अर्ज आणि हिशेब द्यावे लागतात, आणि हयात असलेल्या जुन्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. त्यासाठी त्यांच्या घरी जावं लागतं. फोनवर हे होत नाही.

शेजारच्या वाडीतल्या मुलांसोबत मी असाच एका जुन्या खजिनदारांकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडलेले तात्या. आम्ही विषय काढला तसे ते आत गेले आणि धान्याच्या कणगीमागून पत्र्याची पेटी ओढत आणली. आत खताच्या पिशवीत गुंडाळलेली वही, न वापरलेली दोन पावती पुस्तकं आणि पासबुक. शेवटच्या पानावर शिल्लक ३१२ रुपये, खाली त्यांची सही आणि तारीख. ‘कोणीतरी मागायला येईल म्हणून ठेवलं होतं,’ असं म्हणून त्यांनी आधी वही मुलांच्या हातात दिली, मग पेटीची किल्ली दिली, आणि दोन्ही मिळाल्याची पावती लिहून मागितली.